गुरुवारी आलेलं शुक्रवारचं पाणी

सोलापुरात कुणालाही वार विचारा. तो आधी मनात पाण्याचा अंदाज घेतो, मग वार सांगतो. पाणी आलं तो दिवस, भरून भरून कंबर धरली तो दिवस, पुरवून वापरायचा दिवस, तळ दिसायला लागला तो दिवस, आणि "आज येणार होतं, उद्यावर गेलं" तो दिवस. एवढं झालं की आमचा आठवडा संपतो.

असल्या गावात मी चाळीस वर्षं नळ दुरुस्त केले. घरांतले, हॉटेलांतले, मंगल कार्यालयांतले, टॉवेलच्या कारखान्यांतले. आता शिडी चढताना गुडघे कुरकुर करतात म्हणून काम कमी केलंय, बंद केलेलं नाही. दिवाळी अंकवाल्यांनी निरोप दिला, "मावशी, भरवशाचा प्लंबर कसा निवडायचा ते लिहा, लोकांना उपयोग होईल." मी चौथी शिकलेली आहे, पण माझं अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं आहे. तेव्हा लिहिते.

आधी एक गैरसमज काढून टाकते. बाई प्लंबर म्हटलं की लोक लगेच हळवे होतात. नवरा लवकर गेला असेल, पोरं लहान असतील, बिचारीनं पदर खोचून पाना हातात घेतला असेल. माझा नवरा चांगला ठणठणीत आहे. मी हे लिहितेय आणि तो शेजारी बसून शेंगा खातोय. मूळ प्लंबर तोच. मी बरोबर जायचे ती पाईपचं दुसरं टोक धरायला. पण दुपारच्या वेळी घरोघरी बायकाच असायच्या आणि परक्या माणसाला न्हाणीघरात घ्यायला त्या नाखूश असायच्या. "तुमच्या मालकांना बाहेर बसवा, तुम्हीच या आत," असं म्हणायच्या. मग मी आत जाऊन काम करायचे आणि तो कट्ट्यावर बसून चहा प्यायचा. वर्षभरात मला काम जमायला लागलं आणि त्याला चहा.

आता प्लंबर कसा ओळखायचा ते. घरात पाऊल टाकल्या टाकल्या जो नळाकडे बघून "अरारारा, हे कुणी केलंय?" म्हणतो, त्याच्यामुळे घाबरू नका. ते आम्ही सगळेच म्हणतो. एकदा एका घरी मी तसं म्हणाले, तर घरची बाई म्हणाली, "मावशी, तुमीच केलं होतं की गेल्या दिवाळीत." फोनवर "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" म्हणणाराही चालेल. तो तेव्हा अंथरुणात असतो, पण संध्याकाळपर्यंत उगवतो. बघायचं ते वेगळंच. हत्यारांची पिशवी उघडण्याआधी तो "मेन कॉक कुठं आहे?" असं विचारतो का? म्हणजे रस्त्यावरून घरात पाणी शिरतं तिथली बंद करायची चावी. नुसतं विचारून भागत नाही, ती फिरवून बघतो का? आणि काम अर्ध्यावर असताना जागचा उठला, पाणी प्यायला का होईना, तर उघड्या पाईपच्या तोंडाला टोपी लावून उठतो का? टोपी म्हणजे आटे पाडलेलं लोखंडी झाकण, बाटलीच्या बुचासारखं फिरवून बसवायचं. एवढं करणारा मिळाला तर त्याला सोडू नका. बाकी गळका नळ काय, वायसर, म्हणजे आतली मध्ये भोक असलेली रबरी चकती, बदललं की तुम्हीसुद्धा थांबवाल.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं बोलावलं. कुणीतरी जोडणी उलटी करून ठेवली होती. आंघोळीला गार पाणी आणि संडासाच्या फ्लशला गरम. मालक डोकं धरून बसला होता. म्हणाला, "मावशी, आंघोळीला गेलेला माणूस बोंबलत बाहेर येतोय अन् संडासात गेलेला बाहेर यीनाच झालाय." दुसरे एक गुरुजी. पाणी आलं की कळावं म्हणून आमच्याकडे बरेच जण नळ उघडाच ठेवतात आणि खाली स्टीलचं ताट उपडं घालतात. गुरुजींनी ताट घातलं आणि विसरून पाहुण्यांकडे अक्कलकोटला गेले. पाणी आलं. ताट दोन तास वाजत राहिलं. शेजाऱ्यांना वाटलं गुरुजींच्या घरी आरती चाललीय, मध्येच कसं दार वाजवावं? आरती संपली तेव्हा पाणी जिन्यावरून खाली उतरत होतं.

अशा लोकांना मी मनसोक्त हसले आहे. मग माझी पाळी आली, भवानी पेठेत, गंगव्वाच्या घरी, तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात.

गंगव्वा कडक भाकरी करून विकते. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवून खणखणीत केलेली. नीट ठेवली तर महिनाभर टिकते. तिला एकच शत्रू, तो म्हणजे ओल. गंगव्वाकडे चार बाया कामाला होत्या. त्या वेळी पुण्याच्या एका दुकानदारानं पहिल्यांदाच दोन हजार भाकऱ्या मागवल्या होत्या. टेम्पो शनिवारी सकाळी यायचा होता. माल पसंत पडला तर दर महिन्याला मागणी, नाही पडला तर पुन्हा गल्लीतली दोन-चार दुकानं आणि यात्रेतला ठेला. या ऑर्डरसाठी तिनं पंधरा दिवस दुसरं काही हातात घेतलं नव्हतं. पुढच्या खोलीत धुतलेली धोतरं अंथरून त्यांवर भाकऱ्यांच्या चळती रचल्या होत्या, पार कमरेपर्यंत.

आणि त्याच खोलीच्या भिंतीतून नळाचा जुना लोखंडी पाईप गेला होता. तो आतून गंजून गळत होता. भिंतीवर ओलीचा डाग पडला होता आणि तो रोज वीतभर भाकऱ्यांकडे सरकत होता. एक प्लंबर चार दिवस "निघालोच" म्हणत होता. दुसरा आला, डागावर लांबीचा लेप थापून गेला. मग तिनं मला फोन केला आणि गुरुवारी सकाळी मी तिच्या घरी पोचले.

"सखूअक्का, ही भिंत वाळली पायजे. शनवारच्या आत."

"पाणी कधी हाय तुमच्याकडं?"

"शुक्रवारी."

"म्हंजे आज लाइन कोरडी. आजच कापते की."

मी मेन कॉक बघितला. बघितला हे खरं आहे. बाहेर कट्ट्याखाली होता, गंजून दगड झालेला. दोन्ही हातांनी पाना लावला तरी हलेना. एरवी मी आधी तोच बदलला असता. पण त्या दिवशी म्हटलं, लाइनीत थेंब नाही, कॉक हवाय कशाला? जाता जाता बदलू. शुक्रवारचं पाणी शनिवारी येतं, रविवारी येतं, कधी तर बुधवारी येतं. ते गुरुवारी येईल असं मला वाटायचं कारणच नव्हतं. चाळीस वर्षांत मी आमच्या गावात लवकर आलेलं पाणी पाहिलं नव्हतं. उशीर कसा सोसायचा ते आम्हाला पाळण्यात शिकवतात. लवकर आलं तर काय करायचं ते कुणीच शिकवलेलं नाही.

भिंत फोडली, सडका पाईप कापून काढला. भिंतीतून बोटभर तुकडा बाहेर राहिला, तोंड खोलीकडे करून, त्याला आटे पाडून घेतले. इतक्यात गंगव्वा म्हणाली, "आधी चार घास खा अक्का. आपल्याला मऊ भाकरी टाकलीय, गरम हाय." शेंगाची चटणी, वर दही, फोडलेला कांदा. मी हात धुतला आणि बसले. टोपी पिशवीत होती. पिशवी पाईपाखाली होती. मी पाच पावलं लांब होते.

दुसऱ्या घासाला पाईप बोलला. "फुस्स्स."

बायांना वाटलं गॅस गळतोय. मला तो आवाज नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा ओळखीचा आहे. पाण्याच्या आधी हवा येते.

"गंगव्वा, आज वार कोनता?"

"गुरुवार की."

"मग ह्ये काय?"

तेवढ्यात पाणी आलं. आलं म्हणजे काय आलं! आमच्याकडे पाणी सुटलं की गल्लीतली प्रत्येक मोटर सुरू होते. नळाला थेट मोटर लावायची नाही असा नियम आहे. नियम सगळ्यांना पाठ आहे आणि मोटरही सगळ्यांकडे आहे. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला करंगळीएवढी धार येते. पण त्या दिवशी पाणी आल्याचं गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. एकही मोटर चालू नव्हती. सगळ्या गल्लीचं पाणी एका उघड्या तोंडातून, सरळ रेषेत, गंगव्वाच्या भाकऱ्यांवर.

मी ताटावरून उठून धावले. आधी तळहात लावला. ही चूक कधी करू नका. हात लावला की धार फुटून पंख्यासारखी पसरते. आत्तापर्यंत एक चळत भिजत होती, माझ्या हुशारीनं चार भिजायला लागल्या. पिशवी पाण्याच्या लोटात दाराकडे निघाली होती. ती पकडून टोपी काढली, पण त्या जोरात आटे धरेनात. दोनदा लावली, दोनदा उडाली. शेवटी पीठ मळायची परात उचलली आणि धारेपुढं आडवी धरली, जरा तिरकी, म्हणजे पाणी दाराबाहेर जावं. परात अशी वाजायला लागली की लग्नाच्या वरातीतला वाजंत्री लाजावा.

"नीरू बंतु!" गंगव्वा कानडीत ओरडली. "यव्वा, पाणी आलं गं!"

आणि आता आमच्या गावाचं खरं दर्शन घ्या. पाणी आलं हे शब्द कानावर पडताच चारही बाया हातातलं काम टाकून पळाल्या. मला वाटलं भाकऱ्या उचलायला. त्या आल्या त्या घागरी, बादल्या आणि हंडे घेऊन. एकीनं तर माझ्या परातीखाली घागर लावली.

"अगं घागरी कसल्या आणताय? भाकऱ्या उचला की भवान्यांनो!"

"पर पाणी वाया चाललंय की वो मावशी!"

"जाऊ दे वाया!"

असं बोलणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. चौघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग गंगव्वानं एकीच्या हातातली बादली हिसकली, तेव्हा कुठे भाकऱ्या उचलायला लागल्या. खाटेवर, फळीवर, शिलाई मशीनवर, एकीनं तर देव्हाऱ्यात ठेवल्या. खाली पाणी घोट्याला लागलं होतं. एक बाई घसरून बसली आणि बसल्या बसल्या हसायला लागली. तिला बघून दुसरी. मग मी. हसताना परात हलायची आणि छतावर पाऊस पडायचा.

हसता हसता त्या परातीमागं मला एक माणूस आठवला. उघडी लाइन टाकून जेवायला गेला म्हणून एका प्लंबरला मी हार्डवेअरच्या दुकानात चारचौघांत झापला होता. "धोतर सोडून बाजारात जाशील का?" असं म्हणाले होते. दुकान हसलं होतं, तो मान खाली घालून गेला. आता कुर्डुवाडीला असतो म्हणे. मी माफी मागायला गेले नाही. जायला हवं होतं. गाडीनं जेमतेम तासाभराची वाट आहे, पण तोंडाला ती लांब वाटते.

तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. कॉक बंद होत नाही, टोपी बसत नाही. मग पाण्याचा जोर कमी करायचा तर तो दुसऱ्यांनी ओढून घ्यायला हवा.

"गंगव्वा! गल्लीत जा अन् वरड. समद्यांनी मोटरी लावा म्हनावं!"

ती बघतच राहिली. "तू म्हन्तीस? मोटर लावा म्हनून?"

तिचं बरोबर होतं. मोटरीवरून सगळ्या गल्लीशी भांडलेली बाई म्हणजे मी. समोरच यंत्रमागवाले नरसय्या राहतात. त्यांची मोटर गल्लीत सगळ्यात मोठी. पंधरा दिवसांपूर्वीच गल्लीत दुसऱ्या एका कामाला आले होते, तेव्हा मी त्यांच्या दारात उभी राहून, "हे पाणी वढणं न्हाय, शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी वढणं हाय," असं सुनावलं होतं.

गंगव्वा ओली चिंब रस्त्यावर धावली. "पाणी आलं! नीरू बंतु! नीळ्ळु वच्चिनै! पानी आया, मोटरां लगाव!" चार भाषांत ओरडली, म्हणजे भवानी पेठेत कुणी सुटायला नको. खिडक्या उघडल्या. लोकांनी तिच्याकडे बघितलं आणि खिडक्या लावून घेतल्या. गुरुवारी पाणी? ऊन लागलं असेल बाईला.

नरसय्या तेवढे दारात आले. "आज गुरुवार हाय गंगव्वा. पाणी शुक्रवारी."

"मग माझ्या अंगावर काय हाय? घाम व्हय?"

त्यांनी रस्ता ओलांडून आत डोकावलं. परातीमागं मी. त्यांना फार बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. चपला सांभाळत, सावकाश म्हणाले, "सखूबाई, मोटर लावली तर फोटो काढून तक्रार करणार न्हाई ना?"

"हात मोकळा हाय का माझा फोटो काढायला? लाव की रे बाबा! दोन लाव!"

"दोन कुठल्या? एकच हाय. ती पण चोराची, तुमीच म्हनला होता."

"न्हाय, चांगली हाय! नरसय्याची मोटर गल्लीत एक नंबर! अजून काय म्हनू? जा की आता!"

ते हसत गेले आणि समोरून घरघर सुरू झाली. ती ऐकली आणि गल्लीनं गंगव्वाच्या चार भाषांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवला. नरसय्याची मोटर खोटं बोलत नाही. डावीकडं एक सुरू झाली, उजवीकडं दोन, मग मागच्या बोळात, मग मोजता येईनात. सगळी पेठ गिरणीसारखी घरघरायला लागली. आणि माझ्या परातीवरचा आवाज उतरला. परात बाजूला केली, तर धार जेमतेम खोलीच्या मध्यावर आली, मध्यावरून माझ्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून पायावर. मग नुसती टिपकत राहिली. मग तीही थांबली आणि पाईप उलटी हवा आत ओढायला लागला. मी अंगठा लावला तर अंगठा धरून ठेवला त्यानं! जन्मभर मी मोटरीला शिव्या घातल्या, त्या दिवशी तिच्या पाया पडले असते. अंगठा सोडवला, टोपी ठेवली, पाना फिरवला. बसली.

मी खोलीभर नजर फिरवली. चार भरलेल्या घागरी, मला धरून सहा ओल्या बाया, आणि सगळीकडे भाकऱ्या.

गंगव्वा मोजायला बसली. दीडशेच्या आसपास भिजून लगदा झाल्या होत्या. बाकी वाचल्या. मी म्हणाले, "चूक माझी हाय. उठताना टोपी लावायची असती, ती लावली न्हाय." ती फक्त "हं" म्हणाली.

पाणी सोडणारा माणूस संध्याकाळी रस्त्यात भेटला. मी त्याला धरला. "गुरुवारी कसं सोडलंस रे?"

"उद्या मेव्हणीचं लगीन हाय मोडनिंबला. म्हटलं आजच सोडून मोकळं व्हावं."

"सांगायचं न्हाईस व्हय?"

"मावशी, लौकर आलं म्हनून कोन तक्रार करतंय व्हय?"



त्याच संध्याकाळी मी आधी कॉक बदलला, मग पाईप. खोली रात्रीपर्यंत कोरडी ठक्क झाली. आमच्या गावात पाणी यायला वेळ लागतो, वाळायला नाही. शुक्रवारी कमी पडलेल्या भाकऱ्या नव्यानं करायच्या होत्या. मीही पीठ घेऊन बसले. पहिलीच भाकरी तव्यावर टाकली. गंगव्वानं ती उचलून उजेडाकडे धरली. कडेला जाड, मध्ये भोक.

"अक्का, ही भाकरी हाय का वायसर?"

मला उठवून खोकी बांधायला बसवलं. शनिवारी सकाळी टेम्पो आला, खोकी चढली, टेम्पो गेला. टेम्पो वळेपर्यंत ती रस्त्यात उभी होती. मी पिशवी उचलली आणि म्हणाले, "आता दुसरा चांगला प्लंबर बघून ठेव."

"कशाला?"

"माझी चूक बघितलीस की डोळ्यानं."

"तेच म्हन्ते मी. दुसरा आनला तर त्याची चूक काय असंल, कधी करंल, मला काय ठाव? तुजी मला ठाव झाली. मंगळवारी ये. वरच्या टाकीचा पाईप गळतोय."

मंगळवारी मी शिडीवर होते आणि गंगव्वा खाली शिडी धरून उभी होती, तेव्हा पुण्याहून फोन आला. तिनं तो मोठ्या आवाजावर टाकला. दुकानदार म्हणाला, "माल संपत आलाय. पुढच्या महिन्यात तीन हजार पाठवा. आणि एक विचारायचं होतं. दुसऱ्यांच्या भाकऱ्या मऊ पडतात. तुमच्या इतक्या कोरड्या कशा राहतात हो?"

गंगव्वानं वर माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

"त्याचं काय हाय साहेब, भाकरीच्या आसपास आमी पाण्याचा थेंब फिरकू देत न्हाई."

मी शिडीवर इतकी हसले की शिडी भिंतीवर नाचायला लागली. तिनं ती एका हातानं गच्च धरली आणि माझ्याकडे डोळे वटारले.

"कोण हसतंय तिकडे?" दुकानदारानं विचारलं.

"कोन न्हाई," ती म्हणाली. "आमची प्लंबर हाय."